पत्त्याची खातरजमा

इंदूर, ८ जानेवारी २०२५

श्री. बाळकृष्ण देवतळे,
प्रवास सचिव, पोलीस स्नेह मंडळ, नागपूर

सादर जयहिंद.

मी अप्पासाहेब लांभाते, मध्य प्रदेश पोलिसांतून टी.आय., म्हणजे ठाण्याचा इन्स्पेक्टर, म्हणून निवृत्त. मंडळाचा सभासद २००९ पासून, कार्ड क्रमांक ४१७. सोळा वर्षांत मंडळाकडे काही मागितलं नाही. उलट बेल्जियमचे दोन हवालदार आमच्याकडे तीन दिवस पाहुणे म्हणून राहून गेले. त्यांना मी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत फिरवलं, गराडू खाऊ घातले, आणि निघताना त्यातल्या एकाने रिवाजाप्रमाणे आपल्या टोपीचा बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. तो आजही शोकेसमध्ये आहे.

आता माझी पाळी आहे असं समजतो. मंडळाच्या परदेशातल्या सभासदांकडे उतरायची सोय होते, तशी ती स्कॉटलंडमधल्या किलब्रे या गावी व्हावी. माणसं दोन, मी आणि पत्नी सौ. मंगला. महिना मे. फॉर्म भरून सोबत जोडला आहे. उद्देशाच्या रकान्यात 'पर्यटन' लिहिलं आहे.

एक विनंती. मोबाईलवर काही पाठवू नये. घरात स्मार्टफोन एकच आहे आणि तो मंगलाच्या हातात जास्त असतो. तिला इतक्यात काही कळू द्यायचं नाही. उत्तर पोस्टाने, मारुती झेरॉक्स, पलासिया या पत्त्यावर पाठवावं. मारुती माझा जुना शिपाई आहे, पाकीट फोडणार नाही.

आपला,
अप्पासाहेब लांभाते

---

नागपूर, १६ जानेवारी २०२५

लांभाते साहेब,

जयहिंद. अकरा वर्षं हे सचिवपद सांभाळतो आहे. सगळ्यांना लंडन पाहिजे असतं, नाहीतर स्वित्झर्लंड. किलब्रे मागणारे तुम्ही पहिलेच. मी नकाशात शोधलं तेव्हा भिंग घ्यावं लागलं. एक बंदर, मासळीचा धक्का, एक दवाखाना आणि बाकी पाऊस, एवढंच तिथे आहे म्हणतात. व्हिस्कीची ओढ असेल तर मोकळेपणाने सांगा, त्यासाठी याहून बरी गावं आहेत.

पण तुमचं नशीब बघा, तिथे आपला एक सभासद आहे. कॅमेरन म्हणून निवृत्त सार्जंट, एकटे राहतात, कुत्रा आहे, वरच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली आहे. त्यांना लिहिलं आहे. जिन्याला कठडा नाही म्हणतात, म्हणून विचारतो, दोघांचे गुडघे कसे आहेत? माझे गेले. दोनशेवर सभासदांना मी विमानात बसवलं आणि माझा स्वतःचा पासपोर्ट अजून कोरा आहे. तो बायको असताना काढला होता.

बायकोपासून लपवून सहल आखणारा नवरा मी पहिल्यांदा पाहतो आहे. लपवून जाणारे खूप पाहिले, लपवून सोबत नेणारा पहिलाच.

आपला,
बा. देवतळे

---

इंदूर, २५ जानेवारी २०२५

देवतळे साहेब,

गुडघे ठीक आहेत. डोळे ठीक नाहीत, मंगलाचे. दोन्हीकडे काचबिंदू आहे आणि तो उशिरा सापडला. पलासियातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळीपर्यंत जे दाखवायचं ते दाखवून घ्या. तिलाही माहीत आहे. ती त्यावर बोलत नाही. पोळ्या करताना तव्यावर हात नेऊन धग बघते, तेवढ्यावरून मला कळतं.

तुम्ही चेष्टेत का होईना, विचारलंत. सांगून टाकतो. किलब्रेमध्ये आमची मुलगी आहे. मधुरिमा. एकुलती एक. अकरा वर्षांत भेट नाही, फोन नाही. इंदूरबाहेरच्या सिमरोलच्या कॉलेज कॅम्पसमधून निवृत्त झालेले एक प्राध्यापक मागच्या वर्षी तिकडे गेले होते, त्यांना ती तिथल्या दवाखान्यात काम करताना दिसली. गाव कळलं, पत्ता नाही.

मंगलाला मुलगी दिसावी, डोळे आहेत तोवर. बस, इतकाच मामला आहे. तिला आधी सांगितलं आणि काही जमलं नाही तर ती खचेल, म्हणून लपवतो.

आता काम असं. कॅमेरन साहेबांना सांगून मधुरिमाच्या पत्त्याची खातरजमा करून घ्यावी. ती तिथेच राहते का, घरात कोण कोण आहे. खातरजमा झाल्याशिवाय एवढ्या लांब निघायचं म्हणजे बिनपत्त्याचं समन्स घेऊन फिरण्यासारखं होईल.

आपला,
अप्पासाहेब

---

नागपूर, ३ फेब्रुवारी २०२५

अप्पासाहेब,

वहिनींचं वाचून वाईट वाटलं. व्हिस्कीचा विनोद परत घेतो.

पण चौकशीचं जमणार नाही. नियम नऊ: सभासदाने यजमानाकडून कोणाचीही सरकारी किंवा खासगी चौकशी करवून घेऊ नये. हा नियम आपल्यासारख्यांसाठीच आहे. पोलिसाला माणूस हवा असला की तो पोलीस पाठवतो, दुसरं त्याला सुचत नाही.

आणि मुळात कशाला? दवाखाना माहीत आहे. दवाखान्याच्या पत्त्यावर मुलीला पत्र टाका. दोन ओळी पुरे. 'आईचे डोळे जात आहेत. आम्ही येऊ का?' ती हो म्हणाली तर जा, नाही म्हणाली तर निदान कळेल. मी असतो तर हेच केलं असतं.

अकरा वर्षं का बोलत नाही, ते विचारू का? सांगायचं नसेल तर राहू द्या.

बा. देवतळे

---

इंदूर, १२ फेब्रुवारी २०२५

देवतळे साहेब,

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो.

मधुरिमा सिमरोलच्या कॅम्पसमध्ये नोकरीला होती. तिथल्या प्रयोगशाळेत पीयूष नावाचा मुलगा होता. आपल्यातला नव्हता. आमचं घराणं होळकरांच्या फौजेतलं, घरात आजही तलवारीची पूजा होते, आणि मी तेव्हा टी.आय. होतो. तिने सांगितलं, मी नाही म्हटलं. एके दिवशी ती गेली. दोघांनी लग्न केलं आणि सिमरोललाच खोली घेतली.

मी तक्रार लिहिली की घरातले दागिने चोरीला गेले. दागिने कपाटातच होते. भर दुपारी दोन शिपाई पाठवून त्याला कॅम्पसच्या दारातून उचलून आणलं. दोन दिवस ठाण्यात ठेवला. मी त्याला हात लावला नाही. पण मी बाहेरच्या खोलीत बसून होतो आणि आत काय चाललं आहे ते मला ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी मधुरिमा आली, तिने माझ्या टेबलावर आपल्या अंगावरची सोन्याची साखळी काढून ठेवली आणि म्हणाली, "ये लो साहब, माल बरामद हो गया." मला बाबा म्हणाली नाही. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

तुम्ही दोन ओळी म्हणता. मी चार दिवस बसतो आहे. आयुष्यभर लोकांचे जबाब लिहून घेतले, खाली 'वाचून दाखवलं, सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे' लिहिलं आणि सही घेतली. स्वतःचं कधी काही लिहिलं नाही. मधुरिमाला लिहायला घेतलं की रिपोर्ट होतो. काल चौथा कागद फाडला, त्याच्याही खाली सवयीने तीच ओळ आली होती.

तरी तुम्ही म्हणता तसं करून बघतो.

अप्पासाहेब

---

नागपूर, २० फेब्रुवारी २०२५

अप्पासाहेब,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी वायरलेस विभागात होतो. ठाण्याच्या आतल्या खोलीचे आवाज मीही ऐकले आहेत आणि हेडफोन लावून बसलो आहे. त्यामुळे तुम्हाला उपदेश करायला मी कोणी नाही.

कॅमेरन यांचा होकार आला. १४ मे पासून चार दिवस. होकारपत्र सोबत आहे, व्हिसाला लागेल. त्यांनी लिहिलं आहे की पाहुण्यांना घ्यायला स्टेशनवर मंडळाचा ब्लेझर घालून उभा राहीन.

रिपोर्ट झाला तर रिपोर्ट होऊ द्या. फाडू नका, टाका. तिला तुमचं अक्षर दिसेल, तेही काही कमी नाही.

बा. देवतळे

---

इंदूर, १८ मार्च २०२५

देवतळे साहेब,

व्हिसा झाला. तिकिटं झाली. मंगलाला शेवटी सांगितलं, म्हणजे सहलीचं सांगितलं, मुलीचं नाही. ती चहा गाळत होती. मी म्हटलं, आपण स्कॉटलंडला चाललो, मंडळातर्फे. ती बरं म्हणाली. मग मी किलब्रे म्हटलं, तर गाळणं हातात तसंच धरून उभी राहिली. चहा कपाबाहेर गेला. "कोणतं गाव म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं. "फार थंडी असेल तिथे," एवढंच बोलली. थंडीला घाबरली असावी. मी तिला राजवाड्याजवळून एक चांगला कोट आणून दिला आहे.

गुरुवारची भजनं मात्र सोडत नाही. दत्ताच्या देवळाजवळ सरला म्हणून तिची मैत्रीण राहते, दर गुरुवारी चार वाजता तिच्याकडे जाते. तेवढाच तिला विरंगुळा आहे. डोळे असे असूनही एकटी जाते, मला सोबत येऊ देत नाही.

एक कबूल करायचं आहे. पत्र मी टाकलं नाही. हिंमत झाली नाही. ती नाही म्हणाली असती तर मंगलाला काय दाखवणार होतो? त्याऐवजी कॅमेरन साहेबांना मीच परस्पर लिहिलं की मुलीच्या पत्त्याची तेवढी खात्री करा, गुपचूप. त्यांचं लगेच उत्तर आलं की काळजी करू नका, बाप लेकीला भेटतो यापेक्षा चांगलं काम कोणतं, आपली पोरं अजून नोकरीत आहेत, पाहून येतो. भला माणूस आहे. नियम नऊ मोडला, त्याची जी काही कारवाई असेल ती परत आल्यावर करा.

मी फार दिवसांनी नीट झोपतो आहे.

अप्पासाहेब

---

किलब्रे, २ एप्रिल २०२५

आदरणीय देवतळे काका,

तुम्ही मला ओळखत नाही. मी मधुरिमा, इंदूरच्या अप्पासाहेब लांभाते यांची मुलगी. तुमचं नाव आणि ईमेल मला इथल्या मिस्टर कॅमेरननी दिलं. मराठीत लिहायची सवय गेली आहे, हिंदी शब्द आले तर समजून घ्या.

२७ मार्चला, गुरुवारी सकाळी, आमचं दार वाजलं. उघडलं तर युनिफॉर्ममध्ये दोन पोलीस आणि त्यांच्या मागे ब्लेझर घातलेले एक म्हातारे गृहस्थ. तिघंही हसत होते. म्हणाले, घाबरू नका, खुशखबर आहे, तुमच्या वडिलांना तुम्ही इथेच राहता याची खात्री करून हवी आहे. ते चांगल्या मनाने आले होते. मी त्यांना दोष देत नाही.

पीयूष स्वयंपाकघरात होता. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, अकरा वर्षांपासून. त्यामुळे दार वाजलेलं त्याला कळलं नाही. तो हातात प्लेट घेऊन बाहेर आला आणि त्याने युनिफॉर्म पाहिला. प्लेट खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हातारे गृहस्थ घाईघाईने नाही नाही म्हणत पुढे झाले, तरी त्याचे हात खाली येईनात. मी धरून खाली घेतले.

आमची मुलगी शिखा सहा वर्षांची आहे. ती रोज विचारते, पप्पांनी हात वर का केले होते.

आता जे लिहिते ते मला जास्त जड जातं. हा पत्ता भारतात फक्त आईला माहीत होता. बाबांना ठाऊक नाही, पण गेली चार वर्षं दर गुरुवारी चार वाजता आई सरलामावशीच्या घरून मला व्हिडिओ कॉल करते. शिखाला तिने स्क्रीनवरूनच मोठं होताना पाहिलं. फेब्रुवारीत तिला शिखासाठी गोधडी पाठवायची होती, म्हणून मी पहिल्यांदा पत्ता दिला. गोधडी आली आणि महिन्याभरात पोलीस आले. मी पोलीसवाल्याची मुलगी आहे, दोन आणि दोन जोडता येतात. आईने मुद्दाम दिला नसेल, तिच्याकडून काढून घेतला असेल. ते घर कसं चालतं मला माहीत आहे. पण आता भरोसा नाही. मी नंबर बदलला आहे. १२ तारखेला आम्ही गावही बदलतो आहोत. पीयूष रात्रभर जागा राहतो.

त्यांना सांगा, येऊ नका. तुम्हीही शोधू नका.

मधुरिमा

---

नागपूर, ५ एप्रिल २०२५

अप्पासाहेब,

मधुरिमाच्या पत्राची प्रत सोबत आहे. मी ते फोनवर सांगू शकलो नसतो.

कॅमेरन यांचंही पत्र आलं. ते म्हणतात, मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी एकटा, साध्या कपड्यांत, फुलं घेऊन गेलो असतो. मी त्यांना काय सांगणार? मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तुम्ही ऐकाल असं धरून चाललो.

तिकिटं रद्द करा. मी विमान कंपनीशी बोलतो.

दोन ओळी लिहायच्या होत्या हो, अप्पासाहेब.

बा. देवतळे

---

इंदूर, २२ एप्रिल २०२५

देवतळे साहेब,

पत्र मारुतीच्या दुकानातच उभ्याने वाचलं. तो स्टूल देत होता. आधी वाटलं फाडून टाकावं. मग वाटलं, लपवून लपवूनच इथवर आलो.

घरी आलो. मंगला खिडकीत बसली होती. त्याआधीचे दोन गुरुवार ती भजनाहून येऊन तशीच बसायची, देवाजवळ दिवासुद्धा लावत नव्हती. मी समजलो डोळे दुखत असतील. त्या दोन गुरुवारी ती बंद पडलेला नंबर लावून आली होती.

मी वाचून दाखवलं. पोलीस दारात आले इथपर्यंत तिने ऐकलं. पीयूषने हात वर केले ते वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं. मग गोधडीचं आलं तेव्हा म्हणाली, आता पुरे.

खिडकी लावली आणि म्हणाली, "चार वर्षं मी तिला तुमच्यापासून जपून ठेवली होती." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मला एकदा सांगायचं होतंस, मी तर तुलाच तिच्याकडे नेत होतो. म्हणाली, "किलब्रे म्हणालात तेव्हाच मला कळलं, तुम्ही तिला गाठली. पुढच्या गुरुवारी तिला सावध करणार होते. पण शिखा पडलेला दात दाखवत होती, ती इतकी खुश होती की मी म्हटलं, आज नको, पुढच्या वेळी सांगू."

पुढची वेळ आलीच नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि सावली कळते. मी हिशेब केला नव्हता असा हा गुन्हा आहे, देवतळे साहेब. तिला मुलगी दर गुरुवारी दिसत होती. मी ती दाखवायला निघालो आणि होती तेवढीही घालवली.

कार्ड क्रमांक ४१७ परत पाठवतो आहे. बेल्जियमवाल्याचा बिल्लाही सोबत आहे. तो घरात ठेवायचा मला हक्क नाही.

अप्पासाहेब

---

इंदूर, ९ जून २०२५

श्री. देवतळे भाऊजींना मंगला लांभाते हिचा नमस्कार.

अक्षर फार मोठं आहे, एका पानावर पाच ओळीच बसतात, माफ करा. बारीक दिसत नाही. हे पत्र मी सरलाच्या घरी बसून लिहिते आहे. यांना माहीत नाही.

मंडळाचं पुस्तक घरात आहे. सरलाने वाचून दाखवलं. सभासदाच्या पत्नीला सभासदाबरोबरच जाता येतं. सभासद वारला तर मात्र विधवेला एकटीला जाता येतं, नियम चौदा. मी दोनदा वाचून घेतलं. भाऊजी, मी तसं काही मनात आणत नाही. पण पत्नीला नवरा जिवंत असताना एकटीने जाण्याची काही सोय असेल तर सांगा. मी मुलीच्या घरी जाणार नाही. कुठेही, ती म्हणेल त्या स्टेशनवर बाकावर बसेन. तिने समोरून चालत जावं.

तेही नसेल जमत तर तिला एवढंच कळवा की पत्ता मी दिला नाही. आणि एक, माझ्या डोळ्यांचं तिला सांगू नका. दया येऊन फोन केला असं मला नको.

मंगला

---

नागपूर, ३० जून २०२५

मंगलावहिनी,

समितीपुढे तुमचं पत्र ठेवलं. नियमात नाही असं उत्तर आलं. मी भांडलो, पण बदलणार नाही म्हणतात.

मधुरिमाला सगळं लिहिलं. पत्ता कॅमेरननी काढला, तुमच्याकडून गेला नाही, असं कॅमेरनकडूनही लिहून घेतलं. तिचं उत्तर आलं. म्हणते, 'आईने सांगितलं नसेल, मानते. पण आता फोनच्या पलीकडे आणखी कोण उभं आहे हे मला कळत नाही. व्हिडिओ नको, त्यात घर दिसतं, खिडकीतून रस्ता दिसतो. पीयूषला मी शब्द दिला आहे. आईला पत्र लिहायचं असेल तर तुमच्या पत्त्यावर लिहू दे, तुम्ही पुढे पाठवा. माझा पत्ता कोणालाच देऊ नका.'

तुमच्या डोळ्यांचं मी सांगितलं नाही. चार वेळा लिहिलं आणि खोडलं. तुम्ही नको म्हणालात आणि तुमच्या घरातल्या माणसांसाठी दुसऱ्या कोणी परस्पर काही करण्याची मला आता भीती वाटते. पण वहिनी, तुम्हीच सांगा आणि लवकर सांगा. मी पोस्टमन व्हायला तयार आहे.

बाळकृष्ण देवतळे

---

इंदूर, ६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार
(द्वारा श्री. देवतळे, नागपूर)

मधू, बाळा,

हे अक्षर तू ओळखलं असशील. घाबरू नकोस. पाकिटावर पत्ता देवतळे भाऊजी घालणार आहेत, तो यांना माहीत नाही, मलाही नाही.

पत्राला इतके महिने लागले. मी रोज उद्या लिहू म्हणत राहिले, आणि आता मला लिहिता येत नाही. दिवाळीच्या आधीच उजवा डोळाही गेला. काचबिंदू होता, जानेवारीपासून माहीत होतं. तुला दर गुरुवारी सांगायचं राहत होतं. सरला मुलाकडे पुण्याला राहायला गेली. दुसऱ्या कोणाकडून लिहून घेण्यासारखं हे नाही. म्हणून आज यांना समोर बसवलं. यांच्याशी मी एप्रिलपासून कामापुरतंच बोलते. मी म्हटलं, मी सांगेन तेच लिहायचं, स्वतःचं एक अक्षर घालायचं नाही. हे म्हणाले, तेवढं मला येतं.

पत्ता मी दिला नव्हता. पण मला कळलं होतं की यांना गाव कळलं आहे, आणि मी तुला त्या गुरुवारी सांगितलं नाही. तो दोष माझा.

पीयूषला सांग, ते दोन दिवस मी घरातच होते. दागिने कपाटात आहेत हे मला माहीत होतं, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी ठाण्यावर जाऊन ते सांगितलं नाही. यांना दोन्ही वेळचा डबा पाठवला. त्याच्या कानात माझाही वाटा आहे. हे लिहिताना हे थांबले. मी म्हटलं, लिहा.

आता हेही लिहा. मी यांना माफ केलेलं नाही. लिहिलं का? लिहिलं म्हणतात. तू करावंस असंही मी म्हणणार नाही.

व्हिडिओ नको म्हणालीस ते बरोबर होतं. आता भिण्याचं कारण राहिलं नाही. तू कॅमेरा लावलास तरी मला घर दिसणार नाही, रस्ता दिसणार नाही, तूही दिसणार नाहीस. तू नुसतं बोल. शेवटचं तुला वीस मार्चला पाहिलं. तू न्हाऊन केसांना टॉवेल गुंडाळला होतास आणि शिखा मध्ये तोंड घालून पडलेला दात दाखवत होती. ते मी ठेवून घेतलं आहे. केस कापले असशील तर मला सांगू नकोस.

घरचा नंबर जुनाच आहे, तुला पाठ आहे. गुरुवारी चार वाजता हे घरात नसतील. पलासियाला मारुतीच्या दुकानात जाऊन बसतील आणि सहाच्या आत परत येणार नाहीत, तसं कबूल केलं आहे. मी फोनजवळ बसेन. तू नाही केलास तरी बसेन, मला दुसरं काही काम नसतं.

शिखाला गोधडी पुरते का? उंच झाली असेल.

तुझी आई

(सही) मंगला

पत्र वाचून दाखवलं. सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. सही सौ. मंगला लांभाते यांनी स्वतःच्या हाताने केली, ती ओळीवरून खाली उतरली आहे. लिहून घेणाऱ्याने स्वतःचं काही घातलेलं नाही.